मावशीच्या पोटातले शब्द

मावशीने सकाळपासून चपलांची रांग तीनदा लावली. पाळणाघरातल्या चपला त्या कितीशा असणार? अकरा मुलं, त्यातली चार अजून रांगणारी, म्हणजे सात जोड. तिसऱ्यांदा ती खाली वाकली तेव्हा सून म्हणाली, "अहो आई, चपला काही पळून जात नाहीत. झालंय काय तुम्हाला?"

"मला काय व्हायचंय?" मावशी खेकसली आणि लाळेऱ्यांच्या घड्या घालायला बसली. त्या घड्याही सकाळीच घालून झाल्या होत्या.

व्हायचं ते झालेलंच होतं. तिचा जीव बाईसाहेबांत अडकला होता. बाईसाहेब म्हणजे वीस महिन्यांची, गोबऱ्या गालांची एक पोर. आईबापांनी तिला चांगलं नाव ठेवलं होतं, पण इथे ते कोणी घेत नसे. ही बया कोपऱ्यातल्या लाल उशीवर बसायची, हवं त्याकडे बोट करायची आणि ती वस्तू हातात पडेपर्यंत बोट खाली घ्यायची नाही. चेंडू हवा, बोट. पाणी हवं, बोट. दुसऱ्याच्या हातातला केळ्याचा तुकडा हवा, तरी बोटच, आणि वर भुवई. मावशीनेच कौतुकाने 'बाईसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती. आता मात्र तिला त्या नावाचं हसू येईना. वीस महिने उलटले होते आणि या मुलीच्या तोंडून तिने अजून एकही शब्द ऐकला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग विचारावं की तिच्या आईला! सरळ गोष्ट. पण तिथेच तर सगळं अडलं होतं, आणि ते का अडलं होतं हे कळायला एकतीस वर्षं मागे जावं लागतं.

पाळणाघराचं ते पहिलंच वर्ष. घराच्या पुढच्या दोन खोल्या, चार पाळणे, एक सतरंजी, आणि मावशी तेव्हा ऐन उमेदीतली. रुग्णालयातल्या एका परिचारिकेची मुलगी तिच्याकडे असायची. एके दिवशी ती मुलगी पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "आई." झालं! मावशीला आनंद पोटात मावेना. संध्याकाळी परिचारिका दारात दिसते ना दिसते तोच मावशी ओरडली, "अहो, आज 'आई' म्हणाली हो तुमची लेक!"

परिचारिका आधी हसली. मग म्हणाली, "कोणाला?"

ती बाई पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि हुंदका न काढता रडली. "मला नाही म्हणाली अजून," एवढंच बोलली. मावशीला वाटलं, आपली जीभ उपटून फेकून द्यावी. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढणाऱ्या त्या बाईच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट आपण रस्त्यावरच्या बातमीसारखी तिच्या अंगावर फेकली!

त्या दिवसापासून मावशीने ठरवून टाकलं. पहिला शब्द आईबापांचा. इथे काहीही ऐकू आलं तरी आपण गिळायचं. दोन दिवसांनी, चार दिवसांनी आईबाप धावत येऊन सांगतील तेव्हा ते जणू आत्ताच कळल्यासारखं करायचं. आणि ते सोंग मावशीने असं काही वठवलं की ज्याचं नाव ते. गालावर हात, डोळे वाटीएवढे, आणि सूर लांबवून, "काय सांऽऽगता!" आत सून तोंडाला पदर लावून हसायची. कारण ज्या शब्दासाठी हा सगळा थाट चालायचा, तो शब्द त्या पोराने आठवडाभर आधीच म्हणून म्हणून मावशीचं डोकं उठवलेलं असायचं.

हळूहळू हे गुपित सगळ्या गल्लीला कळलं. गुपित कसलं, मावशीची ख्यातीच झाली ती. लोक म्हणायचे, मावशीच्या पोटात सगळ्या गल्लीचे पहिले शब्द आहेत, पण ओठावर एक येईल तर शपथ! एखादा बाप मुद्दाम खडा टाकून बघायचा. "मावशी, काल आमचा 'गाडी' म्हणाला. तुमच्याकडे आधीच म्हणाला असेल, नाही?" मावशी म्हणायची, "मी कधी ऐकणार बाबा? इथे नाकं पुसण्यातून मान वर करायला फुरसत आहे का?"

आणि ऐकण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलं बोलायला कशी लागतात हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती, पण सतरंजीवर बसून तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. आधी नुसते हुंकार. सहा-सात महिन्यांच्या सुमाराला बाबाबा, दादादा सुरू होतं, आणि त्या 'बाबाबा'वर तमाम बाप उगाचच छाती फुगवतात. वर्षाच्या आगेमागे पहिला खरा शब्द, तोही बहुतेक वेळा अर्धाच. दीड वर्षाला मूठभर शब्द. दोनच्या आसपास शब्दाला शब्द जोडतात, 'दूध नको', 'आई गेली', आणि त्यानंतर ती तोंडं बंद होत नाहीत ती नाहीतच. कोणी दोन महिने आधी, कोणी चार महिने मागे. काळजीने अर्ध्या झालेल्या कितीतरी आयांना तिने हेच सांगून शांत केलं होतं.

म्हणून तर तिला चैन पडेना. बाईसाहेबही याच वाटेने निघाल्या होत्या. दहाव्या महिन्यात सगळ्या पाळणाघरात मोठा आवाज कोणाचा, तर तिचा. पाळण्यात उताणी पडून छताशी भांडायची. मग थंडी आली, सर्दी आली. एक सर्दी बरी होते न होते तोच दुसरी. त्या दिवसांत तिची बडबड विरळ होत गेली आणि एके दिवशी थांबलीच. मावशीच्या ते लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण नेमकी तेव्हाच पोरगी पाय टाकायला लागली होती, आणि मावशीने मनाशी म्हटलं, चालण्याच्या नादात बोलणं मागे पडलं असेल. पडतं कधीकधी.

पुढे मनाची दुसरी समजूत काढली. घरी बोलत असेल. अशी मुलंही तिने पाहिली होती, घरात चुरूचुरू आणि बाहेर मुकी. तिची आई कधी काही बोलली नाही, त्याअर्थी घरी सगळं ठीक असणार. आणि आपण विचारलं, "घरी बोलते का गं?" तर त्या प्रश्नातच इथे काय ऐकलं, काय नाही ते उघडं पडणार. इतकी वर्षं सांभाळलेला नेम एका प्रश्नात मोडायचा?

"मोडू दे की!" सून म्हणायची. "नेम मोठा की पोर मोठी?"

"उद्या विचारते."

हा उद्या तीन महिने लांबला. या तीन महिन्यांत मावशीची झोप उडाली, जेवणावरचं मन उडालं, आणि चपलांची रांग रोज तीनतीनदा लागू लागली.

बाईसाहेबांची आई शहरबस चालवायची. अकरा दहाला तिची बस कोपऱ्यावरच्या थांब्याला यायची, तेव्हा सगळी मुलं खिडकीच्या गजांना लोंबकळून हात हलवायची. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच इमारतींच्या पोटात दिवस काढायचा. मुलीला न्यायला बहुतेक आईच येई, खाकी गणवेशात, घाईघाईत.

त्या दिवशीही ती तशीच आली. बहुतेक मुलं घरी गेली होती. आतल्या खोलीत तीन वर्षांचा एक बडबड्या तेवढा उरला होता. त्याला सगळे पोपट म्हणत. मुलीच्या पायात बूट चढवता चढवता आई हसत म्हणाली, "मावशी, उद्या हिची तपासणी आहे. किती शब्द बोलते ते विचारतात म्हणे. आता तरी पोट उघडा. किती सांगू?"

मावशीच्या हातातलं लाळेरं गळून पडलं. "म्हणजे? घरी किती बोलते?"

"घरी कुठे?" आईच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं. "घरी एक नाही. मी यांना म्हणते, दिवसभर मावशींकडे बोलून दमत असेल. तुम्ही सांगत नाही ते आम्हाला माहितीये ना. आम्हीही मग मुद्दाम विचारलं नाही. म्हटलं, तुमचा नेम कशाला मोडा."

मावशीने कपाळावर हात मारला. सगळ्या जगात इतका मूर्खपणाचा घोळ दुसरीकडे कुठे झाला नसता. आईला वाटत होतं, लेक इथे बोलते. मावशीला वाटत होतं, पोर घरी बोलते. आणि दोघींच्या मध्ये ती मुलगी दोन्हीकडे गप्प बसली होती.

"इथेही नाही गं," मावशी म्हणाली. "एकही नाही."

आईचं हसू गेलं. बुटाचा बंद तसाच हातात राहिला.

मावशीच्या डोक्यात एकदम काहीतरी लखकन चमकून गेलं होतं. बिस्किटांचा डबा! चारच्या सुमाराला ती डब्याचं झाकण काढायची, टक् असा आवाज व्हायचा, आणि असतील तिथून मुलं धावत सुटायची. बाईसाहेब नेहमी शेवटी. "आल्या बघा थाटात," असं म्हणून मावशी आणि सून रोज हसायच्या. रोज! तिने आईला हाताने थांबायची खूण केली, फळीवरचा डबा काढला, मुलीच्या पाठीमागे चार पावलांवर उभी राहिली आणि झाकण उघडलं.

टक्.

आतल्या खोलीतून पोपट बाणासारखा आला. बाईसाहेब ढिम्म. पोपट समोरून पळताना तिने पाहिला, तेव्हा कुठे ती वळली, डबा पाहिला आणि बोट वर केलं.

आईने मुलीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी मावशी आईबापांबरोबर तपासणीला गेली. पाळणाघर सुनेवर टाकून ती भर दिवसा बाहेर पडली, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. डब्याची गोष्ट ऐकताच तिथून त्यांना लगेच कानांच्या विभागात पाठवलं. तिथल्या बाकावर मावशीला बसवेना. ती भिंतीवरची तीच ती सूचना वाचत उभी राहिली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचे कान तपासले, आतल्या काचेच्या खोलीत बसवून वेगवेगळे आवाज काढून पाहिले आणि शांतपणे सांगितलं, "दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलंय. वारंवार सर्दी झाली की लहान मुलांना होतं हे, घाबरू नका. हिला ऐकू येतं, पण कसं? आपण पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची माणसं ऐकू येतात ना, तसं. बडबड करत होती का आधी? कधी थांबली?"

आईने बापाकडे पाहिलं. बापाने आईकडे.

"तेराव्या महिन्यात," मावशी म्हणाली. "दुसऱ्या सर्दीनंतर. त्याआधी बाबाबा, दादादा, सगळं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. "बरं झालं तुम्ही सांगितलंत. इतके महिने झालेत म्हणजे आता वाट बघत बसण्यात अर्थ नाही. बारीक नळ्या बसवून पाणी काढून टाकू. छोटं काम आहे."

बाहेर पडेपर्यंत आईने धीर धरला. जिन्यात मात्र ती वळली. "तेरावा महिना. तुम्हाला महिना माहीत होता!"

"मला वाटलं, घरी..."

"सात महिने पोटात ठेवलंत तुम्ही! सात महिने माझी पोर पाण्याखाली होती, आणि तुम्ही नेम पाळत होतात. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक. मीही करत होते, मूर्खासारखी!"

"अगं, त्यांनी मुद्दाम थोडंच केलंय?" बाप म्हणाला.

"मुद्दाम नाही केलं म्हणून ते महिने परत येणारेत का?"

एरवी मावशीच्या तोंडाला लागणं सोपं नव्हतं, पण त्या दिवशी ती मान खाली घालून जिना उतरली. घरी सून तिची बाजू घेऊ लागली. "हे बरंय! त्यांनी तरी कुठे विचारलं? त्यांचीच मुलगी ना?"

"त्यांचं पहिलंच मूल आहे ते," मावशी म्हणाली. "माझी एकतीस वर्षं झाली या कामात. तू गप्प बस."

बाईसाहेब यायच्या बंद झाल्या. कुणा नात्यातल्या बाईकडे ठेवतात म्हणे. लाल उशी कोपऱ्यात तशीच पडून होती. दुसऱ्या कुठल्या पोराने ओढली की मावशी उगाच त्याच्यावर ओरडायची आणि मग स्वतःवरच चिडायची. अकरा दहाला बस यायची. मुलं खिडकीला लोंबकळायची. मावशी त्यांच्या मागे उभी राहून बघायची. चालकाच्या जागेवरची ती बाई सरळ समोर पाहायची, खिडकीकडे एकदाही नाही. तीन आठवडे हे असंच चाललं. पोरीच्या कानांचं काय झालं, नळ्या बसल्या का, ती बोलेल ना? कोणाला विचारणार? आता तर विचारायचा हक्कही राहिला नव्हता. मावशी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायची. जिवाला थारा म्हणून नव्हता.

आणि एका सोमवारी सकाळी आई दारात उभी. कडेवर बाईसाहेब.

"नळ्या बसवल्यात," ती आत न येताच म्हणाली. "ऐकू येतंय आता. कुठे ठेवलं तरी हिचं जमत नाही, रडून गोंधळ घालते. इथेच यायचंय तिला." थोडं थांबून तिने मावशीकडे नीट पाहिलं. "एक अट आहे. पहिला शब्द मीच आधी ऐकायला हवा असं आता काही नाही. तो हौसेचा भाग संपला. तोंडातून काहीही निघालं की मला कळायला हवं. त्याच दिवशी. जमेल?"

"जमवीन," मावशी म्हणाली.

जमवणं सोपं नव्हतं बरं का. एकतीस वर्षं गिळायची सवय लागलेली जीभ! पण रोज संध्याकाळी मावशी दारातच हिशोब द्यायला लागली. आज नळाच्या आवाजाने दचकली. आज कागद चुरगळला तर वळून पाहिलं. आज पोपट रडला तर स्वतःच्याच कानावर हात ठेवून गंमत बघत बसली. आज छताशी 'बाबाबा' केलं! बाईसाहेबांनी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली होती, दहाव्या महिन्यात केली होती तशीच. आई ऐकायची, मान हलवायची, मुलीला घेऊन जायची. कधीतरी एखादा प्रश्न विचारायची. हसायची मात्र नाही.

पाचवा आठवडा. सकाळचे अकरा वाजलेले. मुलांनी आज लवकरच भुणभुण लावली म्हणून मावशीने बिस्किटांचा डबा चारऐवजी तेव्हाच काढला. बाईसाहेब खिडकीकडे तोंड करून ठोकळे रचत बसल्या होत्या.

टक्.

सगळ्यात आधी ती वळली. पोपटाच्याही आधी. ठोकळे टाकून तुरुतुरु आली, मावशीची साडी धरली, बोट वर केलं, आणि म्हणाली, "दे."

मावशीने सवयीने सुनेकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सून डोळे वटारून बघतच राहिली. मग मावशी भानावर आली. "अगं बाई, मी काय करतेय!" ती ओरडली. फोन हातात घेतला आणि लगेच ठेवला. बस चालवताना ती कशी उचलणार? भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

मावशीने डबा सुनेच्या हातात कोंबला, बाईसाहेबांना एक बिस्किट देऊन कडेवर घेतलं आणि निघाली. पायात चपला कोणाच्या ते पाहिलंही नाही. साठी उलटलेली ती बाई, कमरेला कामाचा फडका खोचलेला, कडेवर अकरा किलोंची पोर, कोपऱ्यापर्यंत धापा टाकत पळाली. बस थांब्याला लागतच होती. दार उघडलं तशी ती उतरणाऱ्यांना बाजूला सारत पहिली पायरी चढली.

आईने तिला पाहिलं आणि तिचा रंग उडाला. "काय झालं? कान? ताप आला का?"

"बोलली," मावशी म्हणाली. दम लागल्यामुळे पुढचं तुटक तुटकच बाहेर पडलं. "डबा उघडला. पाठमोरी होती. वळली. माझ्याकडे आली, आणि 'दे' म्हणाली. आत्ता. तीन मिनिटं झाली असतील."

आईचे दोन्ही हात चाकावर होते. मागून कोणीतरी विचारलं, "काय झालं हो पुढे?" उतारूंना घाई होती, मागे दुसरी बस येऊन हॉर्न वाजवू लागली होती. बाईसाहेब बिस्किट चघळत आईकडे बघत होत्या आणि काही म्हणायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

मग आईच्या ओठांतून आवाज निघाला, अगदी हळू. "काय सांगता."

गालावर हात नाही, मोठे डोळे नाहीत, सूर लांबवणं नाही. एकतीस वर्षं मावशी हेच दोन शब्द म्हणत आली होती, दारात उभी राहून, शेकडो आईबापांसमोर. ते असे म्हणतात हे तिला आज पहिल्यांदा कळलं. ती तिथेच पायरीवर उभी राहून रडायला लागली, आणि आईही.

मागच्या बसने पुन्हा हॉर्न वाजवला. "उतरा मावशी," आई डोळे पुसत म्हणाली, "बसला उशीर होतोय. आणि हे बघा, दुसरा शब्द आला की या. असंच या."

मावशी खाली उतरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या एका पायात सुनेची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात काहीच नव्हतं.